टेकडीवरच्या शाळेची पाहणी

रॉबर्टा ओनुफर हिला वर्ग कानांनी कळायचा. तिसरीला शिकवत होती तेव्हा फळ्याकडे तोंड करून ती लिहीत राही, आणि पाठीमागच्या कुजबुजीवरून कोणाला गणित सुटलंय, कोण शेजाऱ्याचं बघतंय, कोणाला भूक लागलीय, हे तिला मागं न वळता समजे. नदीकाठची ती शाळा पुढे बंद पडली. ब्रॅनॉक गावचा पोलाद कारखाना त्याआधीच गेला होता. त्याच्यामागून माणसं गेली, आणि जी उरली त्यांची मुलं टेकडीवरच्या चार्टर शाळेत जाऊ लागली. रिकाम्या वर्गांना कुलपं लागली तेव्हा जिल्ह्याच्या शिक्षण कचेरीत एकच जागा मोकळी होती, आणि ती कोणालाच नको होती. चार्टर शाळेवर देखरेख ठेवायची.

"कोल्ह्याचं बीळ तपासायला कोंबडी पाठवतोय आपण," उपअधीक्षक थॅडियस पेटवे तिला किल्ल्या देताना म्हणाला होता. पेटवे कशावरही हसायचा. कारखाना पाडला त्या दिवशीही तो हसला होता म्हणतात.

रॉबर्टाने मनात अढी ठेवली नाही. शाळा चालायची सरकारी पैशावर, चालवणारं मंडळ मात्र खासगी. जिल्ह्याने पाच वर्षांचा परवाना द्यायचा, दर हिवाळ्यात जाऊन बघायचं, आणि मुदत संपली की ठरवायचं, शाळा ठेवायची की बंद करायची. मुलांचे निकाल, पैशाचा व्यवहार, मंडळाचा कारभार, एवढं बघायचं. निकाल तर सगळ्या खोऱ्यात त्या शाळेचे वर होते.

पाहणीची रीतही ठरलेली होती. दिवस आधी कळवायचा. मागच्या भिंतीशी बसायचं. मुलांशी बोलायचं नाही, वर्गाच्या मध्ये पडायचं नाही. ही रीत रॉबर्टाला मनापासून पटलेली होती. तिच्या वर्गात येऊन, चाललेला धडा मोडून मुलांना कोडी घालणारे साहेब तिने पुष्कळ सोसले होते. आपण तसं व्हायचं नाही, एवढं ठरवून ती टेकडी चढायची आणि मुकाट्याने बसून उतरायची.

यंदा मुदतीचं वर्ष होतं. आणि यंदाच तिच्या मुलीने, जनीनने, आपल्या टेसाला त्या शाळेत पहिलीला घातलं. रॉबर्टा लगेच पेटवेकडे गेली.

"माझी नात तिथं आहे. हे काम दुसऱ्या कोणाला तरी द्या."

"कोणाला देऊ? माझे दोन पुतणे तिथं. दाराशी बसते त्या ग्लोरियाचा नातू तिथं. गाव केवढं, शाळा केवढी! लेखी कळव आणि जा बाई."

तिने लेखी कळवलं.

टेसा म्हणजे बडबडीचा धबधबा होती. जनीन रुग्णालयात कामाला, ती अंधार पडल्यावर घरी यायची, म्हणून शाळा सुटली की टेसाला आजीच घेऊन यायची. सप्टेंबरात गाडीत बसल्या बसल्या पोर सुरू व्हायची. कोणाच्या डब्यात काय होतं, कुठला कुत्रा दिसला, देवाला दाढी कोण करून देतं. ऑक्टोबरात ती प्रश्न विचारले तर उत्तरं देऊ लागली. नाताळच्या सुमारास गाडीत फक्त हीटरचा आवाज असायचा. रॉबर्टा आरशातून मागे बघायची. पोर ताठ बसलेली, हात मांडीवर, नजर समोर.

एकदा दुपारी तिने कोबी आणि शेवया लोण्यात परतून टेसाच्या पुढ्यात ठेवल्या. टेसाने खाल्लं. मग तिने हात वर केला, दोन बोटं एकमेकांत अडकवून, आणि तशीच बसून राहिली.

"हे काय गं?"

टेसा दचकली. "पाणी हवं असलं की अशी खूण करायची. शाळेत बोलायचं नसतं ना, आजी."

"पण हे घर आहे, राणी. घरी बोलायचं असतं."

टेसाने विचार केला. "कधीपासून कधीपर्यंत?"

त्या संध्याकाळी रॉबर्टा लेकीला म्हणाली, "पोर गप्प होत चाललीय, जनीन."

"मोठी होतेय, आई."

"सहा वर्षांची आहे ती."

"सहा वर्षांची आहे आणि वाचतेय!" जनीन बूट न काढताच खुर्चीत पडली होती. "मला दुसरीतसुद्धा वाचता येत नव्हतं. कुठल्या शाळेत होते मी? तुझ्याच. तुझ्या नाकाखाली. तेव्हा वर्ग छान बोलका होता, नाही का?"

रॉबर्टाने भांडी विसळायला घेतली. लेकीचं म्हणणं खोटं नव्हतं, म्हणूनच ते लागलं. पण पाण्याच्या आवाजातही तिला एकच गोष्ट टोचत राहिली. परवाना वाढला की आणखी पाच वर्षं. पाच वर्षांत या पोरीच्या घशात काय उरेल?

पाहणी फेब्रुवारीच्या अखेरीला, ईस्टरआधीच्या उपासाच्या दिवसांतल्या एका शुक्रवारी होती; त्या वारी मांस वर्ज्य, मासे चालत. मुख्याध्यापक कोल्बी स्ट्रँड दारातच उभा होता. तरतरीत तरुण माणूस, सुटाखाली धावायचे बूट.

"या, मिसेस ओनुफर! आज माशांचा वार. दुपारी चर्चच्या हॉलमध्ये भेटूच. तुमच्या चर्चच्या बायकांच्या हातच्या तळलेल्या माशाला तोड नाही हं."

"आधी काम करू," रॉबर्टा म्हणाली.

बोळात जमिनीवर पिवळी पट्टी होती. तिच्यावरून एक वर्ग चालला होता. हात पाठीमागे बांधलेले, गाल फुगवलेले. तोंडात हवेचा फुगा धरायचा, म्हणजे शब्द बाहेर पडत नाही, अशी तिथली शिस्त. आधीच्या वर्षांत रॉबर्टाला हे गोड वाटलं होतं. त्या टपोऱ्या गालांकडे बघून ती हसली होती आणि शिस्तीला तिने पैकीच्या पैकी गुण दिले होते. आज ते गाल तिच्या अंगावरून गेले आणि तिला वाटलं, पाण्याखालून चालल्यासारखी ही मुलं श्वास धरून चाललीत. वर कधी येणार?

शाळेने पाहणीसाठी पहिलीचा वर्ग निवडला होता. टेसाचा. खुर्ची मागच्या भिंतीशी मांडली होती. शेजारी एक मार्गदर्शक बाई मांडीवर लॅपटॉप घेऊन बसली होती, ओठांशी इवलासा माइक. फळ्यापाशी मिस किंबल होती, कॉलेजातून नुकतीच आलेली पोरगी. तिच्या कानात यंत्र होतं. मार्गदर्शक बाई अगदी हळू बोलायची आणि किंबल तसं करायची.

"आवाज खाली घे. तिसऱ्या रांगेतली नजर ढळली. थांब. आता हस."

किंबल हसली.

सगळे डोळे किंबलबरोबर डावीकडून उजवीकडे फिरत होते. रॉबर्टाने कान लावून पाहिलं. फक्त पेन्सिलींचा आवाज येत होता. नाक ओढल्याचाही येत नव्हता. जन्मभर कानांनी वर्ग ओळखणारी बाई आंधळ्यासारखी तिथे बसून राहिली.

तेवढ्यात टेसाच्या शेजारच्या मुलीने हात वर केला. इमोजीन तिचं नाव, ते बाकावरच्या पाटीवर लिहिलेलं होतं. मूठ मिटून अंगठा बाहेर, म्हणजे लघवीची खूण. किंबलने पाहिलं. तिचे डोळे क्षणभर मागे मार्गदर्शक बाईकडे गेले.

"आत्ता नको," बाई माइकमध्ये म्हणाली. "धडा तुटेल. पाहणी चालू आहे. पुढं चल."

किंबल पुढं गेली. हात वरच राहिला. मग इमोजीनने दुसऱ्या हाताने त्या हाताला आधार दिला. मग तिचे खांदे कापायला लागले, आणि मग खुर्चीखाली ओल पसरायला लागली. टेसाने आपला बूट हळूच आत घेतला. नजर फळ्यावरच होती.

कोणी हसलं नाही. रॉबर्टाच्या तिसरीत असं झालं असतं तर हलकल्लोळ झाला असता. एखादा दुष्ट कार्टा ओरडला असता, एखादी रडली असती, एखादा सांगायला धावला असता. इथे वीस-बावीस लेकरांनी पाहिलं आणि एकाच्याही चेहऱ्यावर काही उमटलं नाही.

ती उठली. खुर्ची घासली, तो आवाज केवढा तरी मोठा झाला.

"मॅडम, बसा, प्लीज," मार्गदर्शक बाई म्हणाली. "तुम्हाला मध्ये पडता येत नाही. नियम आहे."

"नियम मला पाठ आहे." रॉबर्टाने आपला स्वेटर इमोजीनच्या कमरेला गुंडाळला. "चल बाळ. काही नाही झालं. चल."

जाताना तिने टेसाकडे पाहिलं. टेसाची नजर फळ्यावरून किंबलकडे वळली होती. वाटेत ती आजीवरून गेली, खुर्चीवरून जावी तशी.

सोमवारी शाळेच्या वकिलाचं पत्र आलं होतं. पेटवे आज हसत नव्हता.

"पाहणी बाद झाली, रॉबर्टा. पाहणारी मध्ये पडली, वर वर्गात तिची नात. दोन्ही गोष्टी त्यांनी मांडल्यात."

"नातीचं मी आधीच सांगितलं होतं."

"सांगितलंस. लेखी दे, असं मीच म्हटलं. तोच कागद आता त्यांच्या हातात आहे." त्याने डोळे चोळले. "मी जातो पुन्हा. मी बसून येतो."

तो जाऊन आला. रॉबर्टा त्याच्या दारात उभी राहिली.

"कसं होतं?"

"टाचणी पडली तरी ऐकू येईल."

"आणि त्या मुलीचं?"

"अपघात म्हणतात. तिच्या घरी फुलं पाठवली त्यांनी."

"तुम्हाला काय वाटलं, थॅडियस?"

"मला काय वाटलं याला आपल्या पाहणीत जागा नाही. तुझ्यामाझ्यासारख्यांनीच ती ठेवली नाही, कोणाच्या मर्जीवर शाळेचं भवितव्य ठरू नये म्हणून." तो खिडकीकडे वळला. "आणि समज, बंद केली. मुलं कुठं नेऊ? पाचव्या रस्त्यावरच्या आपल्या शाळेत? तिथला बॉयलर मेलाय, वर्ग गारठलेत, शिक्षक पळालेत. निदान ही मुलं वाचतात."

"परवान्याच्या सुनावणीत कोणालाही बोलता येतं. मी आजी म्हणून बोलेन."

"नोकरीचं काय?"

"नोकरी कचेरीत राहील. मी सुनावणीला येईन."

सुनावणी हायस्कूलच्या भोजनगृहात होती. टेकडीवरच्या शाळेचे पालक पिवळे शर्ट घालून आले होते. इमोजीनची आई कुठे दिसते का, म्हणून रॉबर्टाने शोधलं. ती दिसली. तिनेही पिवळा शर्ट घातला होता.

रॉबर्टाची पाळी आली. तिने मुलीचं नाव घेतलं नाही, नातीचंही नाही. पाहिलं तेवढं सांगितलं. शेवटी म्हणाली, "मी एवढंच विचारते. ज्या लेकराला 'मला जायचंय' असं म्हणता येत नाही, ते घरी काय म्हणणार? कोणी हात लावला तर काय म्हणणार? त्याला आपण न बोलायलाच शिकवतोय, आणि त्याचे गुण मी दिलेत."

इमोजीनच्या आईने मान खाली घातली आणि ती पुन्हा वर केली नाही.

मग डेनीस टॅली उठली. ती गावची बस चालवायची.

"ओनुफर बाई, ओळखता मला? माझा थोरला तुमच्या शाळेत होता. दुपारच्या सुट्टीत पोरांनी त्याचा दात पाडला. तुम्हाला ऐकू आलं नाही का तेव्हा? एवढे तुमचे कान!" कोणीतरी हसलं. "धाकट्याला टेकडीवर कोणी बोट लावत नाही. तो घरी येतो तो सगळ्या दातांनिशी येतो. तुम्ही म्हणता शांतता महागात पडेल. अहो, आम्हाला गोंगाट पडलाय महागात."

टाळ्या वाजल्या. दात पडला होता हे खरं होतं.

जिल्ह्याच्या समितीच्या सभासदांनी एकेक करून हात वर केले. परवाना वाढला. त्याबरोबर पेटवेने एक दुरुस्ती वाचून दाखवली, शाळेने सुचवलेली. यापुढे पाहणी करणाऱ्याने वर्गात बसायचं नाही, बोळातल्या काचेतून बघायचं, म्हणजे मुलांना त्रास होणार नाही. वाचताना त्याने मान वर केली नाही. तीही मंजूर झाली.

बाहेर गाड्यांच्या तळावर काळपट बर्फाचे ढीग होते. जनीन टेसाला मागच्या सीटवर बसवत होती.

"सगळ्या गावासमोर," ती म्हणाली.

"मी तिचं नाव घेतलं नाही."

"घ्यायला हवं होतं का? कोणाला कळलं नाही असं वाटतं तुला?"

"काढ तिला तिथून, जनीन."

"कुठं घालू? सांग ना! बॉयलर नसलेल्या शाळेत घालू? तुझ्या घरी बसवू, तुझी शाळा काढशील?" तिने टेसाचा पट्टा लावला. "उद्यापासून ती संध्याकाळीही तिथंच थांबेल. त्यांचा जादा वर्ग असतो. तू येऊ नकोस न्यायला."

"जनीन, तो एवढाच वेळ असतो तिला बोलायला—"

"एवढाच वेळ कशाला? माझ्याविरुद्ध शिकवायला?"

"मला नको विचारूस. तिला विचार. एकदा तिला विचार."

जनीनने गाडीचं दार पूर्ण उघडलं आणि ती वाकली. आवाज मऊ केला.

"टेसा, बाळा, खरं सांग हं. तुला शाळा आवडते?"

टेसाने आईच्या चेहऱ्याकडे पाहिलं. मग आजीच्या. मग पुन्हा आईच्या, आणि तिथं तिची नजर थांबली. ती पाठ ताठ करून बसली. हात मांडीवर जुळवले. आणि स्वच्छ, खणखणीत आवाजात म्हणाली, "हो. मला माझी शाळा फार आवडते, कारण तिथं सगळी मुलं शिकतात."

"बघ," जनीन म्हणाली. ती सरळ झाली आणि गाडीला वळसा घालून पुढे गेली.

रॉबर्टा दाराशीच उभी होती. टेसाचे हात अजून जुळलेले होते. ती मान वळवून आईला शोधत होती, उत्तर बरोबर आलं का, हे बघायला.