गोचीड आणि पिवळा दिवा

गल्लीच्या टोकाला जे गॅरेज आहे, तिथे गाडीखालून ज्या बाईचे फक्त पाय दिसतात तिला सगळे गोचीड म्हणतात. तोंडावर म्हणतात, आणि ती खुशाल ओ देते. नाव सासऱ्यांनी दिलेलं. लग्न होऊन आली तेव्हा घरातला मिक्सर बंद पडला होता. नव्या सुनेनं तो स्वयंपाकघराच्या फरशीवर उघडला, जेवणवेळ टळली, पाहुणे ताटकळले, पण तो फिरल्याशिवाय ती उठली नाही. सासरे म्हणाले, "ही सून कसली, गोचीड आहे. चिकटली की चिकटली!" आणि दुसऱ्याच दिवशी तिच्या हातात पाना दिला. त्यांच्या मुलाला ग्रीसचा वास सोसत नव्हता. तो बँकेत पंख्याखाली सुखात होता.

सासऱ्यांना सगळे उस्ताद म्हणायचे. गॅरेज त्यांनीच उभं केलं. पुढे हात थरथरायला लागले, बारीक स्क्रू धरवेना, तेव्हा त्यांनी स्वतःकडे एकच काम ठेवलं. दुरुस्त झालेली गाडी उस्तादांच्या हातची आंघोळ झाल्याशिवाय बाहेर पडत नसे. आणि आंघोळ म्हणजे बॉनेट उघडून, इंजिनासकट. "तोंडाला पावडर आणि मानेवर मळ, असली पोर आपल्या घरातून जायची नाही," म्हणत ते फवाऱ्याचा पाइप दोन्ही हातांनी धरायचे. हात तिथेही थरथरायचे, पण फवाऱ्याला ते शोभून दिसायचं.

तर या गॅरेजात दातांच्या डॉक्टरीणबाईंची गाडी आली. हत्तीएवढी, चामडी गाद्यांची, डोंगर चढणारी आणि दार नीट लागलं नाही तर 'टुंग टुंग' करून मालकिणीला दटावणारी. बाई तिच्यातून डोंगरातल्या वस्त्यांवर दात तपासायला जायच्या. एकदा ओढा ओलांडला आणि स्टिअरिंगमागच्या काट्यांच्या पट्टीवर इंजिनाच्या चित्राचा पिवळा दिवा लागला.

गोचीडनं स्कॅनर जोडला. स्कॅनर म्हणजे गाडीच्या पोटातल्या तक्रारी वाचून दाखवणारं यंत्र. त्यानं सांगितलं, धुराच्या नळीत बसून धूर हुंगणारा सेन्सर बिघडलाय. तिनं नवा बसवला, दिवा घालवला. उस्तादांनी आंघोळ घातली. गाडी गेली, आणि थोड्याच दिवसांत दिवा घेऊन परत आली. मग तिनं सेन्सरची तार बदलली. आंघोळ झाली, गाडी गेली, परत आली.

शेजारचा पंक्चरवाला टायर घासता घासता ओरडला, "काय गं गोचीड, लेक पुन्हा माहेरी? सासरी नांदत नाही वाटतं!"

"तू तुझी भोकं बुजव," गोचीड गाडीखालून म्हणाली.

डॉक्टरीणबाईंचं बोलणं नेहमी समोरच्याचं तोंड उघडं असल्यासारखं असे. हळू, गोड, आणि उत्तराची वाट न बघता. "हं, घाबरायचं नाही. ताई, एकाच दाढेसाठी पेशंट तिसऱ्यांदा आला ना, की मी दाढेवर नाही, स्वतःवर संशय घेते. परवा शिबिर आहे. यानंतर दिवा लागला तर मी गाडी शोरूमला नेईन. वाईट नाही वाटून घ्यायचं, हं?"

वाईट उस्तादांना वाटलं. "शोरूम! ते लोक इंजिन धुतात तरी का?"

गोचीडला मात्र 'स्वतःवर संशय' हे शब्द कुसळासारखे टोचत राहिले. तिनं दिवा घालवला नाही. इंजिन गार असताना तपासलं, तापवून तपासलं, तारा हलवून पाहिल्या. सगळं ठणठणीत. दवाखान्याची पायरी चढली की दात दुखायचा थांबतो, तसं. गाडी इथे बरी असते आणि इथून गेली की आजारी पडते. मग निघता निघता आपण तिला करतो तरी काय?

ती पुन्हा खाली शिरली. सेन्सर नवा होता, तार नवी होती, पण ती तार जिथे खोचतात तो गाडीच्या बाजूचा प्लग जुनाच राहिला होता. उघडून पाहिला तर आतल्या रबराला केसाएवढी चीर, आणि पिनांवर वाळलेला पांढरा थर. ओढ्याचं पाणी असतं तर माती असती. तिनं प्लग नाकाला लावला.

लिंबू.

तो वास तिला परका नव्हता. गाड्या धुवायचा लिंबाचा शाम्पू. घरातल्या टॉवेलांना, नवऱ्याच्या कॉलरला, सगळ्याला तोच वास.

दुपारी डबा खाताना तिनं नवऱ्याला फोनवर सांगितलं. तो म्हणाला, "रबर बदल आणि गप्प बस. बाबांकडे दुसरं काय उरलंय?"

"आणि उद्या दुसऱ्या गाडीचं रबर तडकलेलं निघालं तर?"

"तुला ना, सुटायचं कसं तेच माहीत नाही."

"नाहीच माहीत," म्हणत तिनं डबा बंद केला आणि ती सरळ उस्तादांसमोर जाऊन उभी राहिली. "बाबा, दिवा आपल्या पाण्यानं लागतोय."

उस्तादांच्या भुवया कपाळात गेल्या. "माझ्या पाण्यानं? अगं, उभ्या जन्मात माझ्या पाण्यानं एका गाडीला शिंक आली नाही!"

"तेव्हाच्या गाड्या साध्या होत्या, बाबा. हिला सगळं टोचतं."

"सिद्ध कर."

"धरा पाइप."

तिनं तेच चिरलेलं रबर परत बसवलं, इंजिन चालू केलं आणि स्कॅनर घेऊन आत बसली. पडद्यावर सेन्सरची रेघ शांत चालली होती. उस्तादांनी नेहमीच्या जोरात फवारा मारला. रेघ दचकली, लटपटली आणि आडवी झाली. गोचीडनं पडदा त्यांच्याकडे फिरवला.

उस्तादांनी फवारा थांबवला. हवेनं प्लग वाळवायला लावला. रेघ उठून बसली. मग त्यांनी पुन्हा फवारा मारला, कारण तेही काही कमी गोचीड नव्हते. रेघ पुन्हा आडवी.

"मग दिवा इथे का लागत नाही?" त्यांनी शेवटची काडी धरली.

"ही गाडी पहिल्या वेळी तक्रार मनात ठेवते. पुढच्या फेरीलाही टोचलं की मग बोलते. तोवर घरी पोचलेली असते. आणि आपल्याकडे येईपर्यंत पाणी वाळतं."

उस्तादांनी पाइप खुंटीला अडकवला. मग म्हणाले, "रबर आण. टॉर्च मी धरतो." उजेड थरथरत होता. गोचीडनं त्या थरथरत्या उजेडात पिना घासल्या, नवं रबर बसवलं, आणि टॉर्च स्वतःच्या हातात मागितला नाही.

शिबिराच्या दिवशी डॉक्टरीणबाई आल्या. बॉनेटवर धूळ तशीच. "अरे? आज आंघोळ नाही?"

गोचीड तोंड उघडणार तेवढ्यात उस्ताद पुढे झाले. "मॅडम, चूक माझी. सारखी आंघोळ घालून मीच हिला सर्दी लावत होतो. आता बरी आहे. जा खुशाल, ओढ्यात घाला."

बाई पहिल्यांदाच उत्तर ऐकून घेण्यासाठी थांबल्या. हसल्या आणि गेल्या.

परत आल्या तेव्हा गाडी टपापर्यंत चिखलात माखली होती. बाईंनी हाताला धरून गोचीडला आत बसवलं. "बघा." ओढा दोनदा ओलांडून झाला होता, तरी पिवळा दिवा गपगार. पंक्चरवाल्यानं मान लांब करून बघितलं आणि टायर घासायला घेतला.

उस्ताद चिखलाकडे बघत होते. जिलेबीकडे बघावं तसं. शेवटी त्यांनी खुंटीवरचा पाइप काढला.

"बॉनेट बंद आहे ना गं?"

"बंद आहे, बाबा."

"दाबून बघ."

गोचीडनं दोन्ही हातांनी दाबून दाखवलं आणि ती बाजूला झाली.