थँक्यू म्हणणारं दार आणि सहादूकाकांची पक्कड

सहादूकाकांनी नव्या मशीनची वायर पकडीने कापली आणि मिशीला पीळ देत म्हणाले, "कापली बरं का! लावा म्हनावं आता अंगठे!" हे अख्ख्या सातपूरला माहीत होतं. टपरीवर माहीत होतं, बसस्टॉपवर माहीत होतं. आमच्या मम्मीलासुद्धा माहीत होतं, आणि तिला सातपूरच्या राजकारणात शून्य रस.

यातलं खरं एवढंच, की काकांना मिशी आहे आणि त्यांच्याकडे पक्कड आहे. वायर त्यांनी कापली नव्हती. आणि ते वाक्य तर त्यांचं नव्हतंच. ते माझं होतं.

काका मूळचे चांदवडकडचे. पप्पांच्या कारखान्यात सव्वीस वर्षं टाइमकीपर. गेटजवळच्या खोलीत कार्डाचं घड्याळ होतं. कामगाराने कार्ड सरकवलं की खट्टाक् करून वेळ छापली जायची. काका मान वर करायचेच नाहीत. पावलांवरून माणूस ओळखायचे. "धोंडीराम, चप्पल घासू नको, तीन मिन्टं हायेत अजून." धोंडीराम म्हणजे माझे पप्पा. कॉलेज सुटलं की मी त्यांचा डबा घेऊन जायचे, तर काका भिंतीआडून म्हणायचे, "दीपे, आज सायकल पंक्चर वाटतं?" पंक्चरच असायची! मला नकलांचा नाद, म्हणून माझ्या कानाबद्दल भारी गर्व, पण त्यात काका माझ्याही वरचढ होते.

२००७ च्या पावसाळ्यानंतर घड्याळ भंगारात गेलं आणि गेटच्या छोट्या दाराला अंगठ्याचं मशीन लागलं. अंगठा ठेवला की एक बाई आतून गोड आवाजात "थँक्यू" म्हणायची आणि कुलूप सुटायचं. मी त्या बाईची नक्कल दोन दिवसांत बसवली. काकांना दारापाशी एक स्टूल मिळालं. निवृत्तीला सात महिने होते.

मशीन बसवायला अल्तमश आला होता, जुन्या नाशकातला. गेट एका टोकाला, ऑफिसचा कॉम्प्युटर दुसऱ्या टोकाला. मॅनेजर ललितसरांनी विचारलं, "पॉइंट असा आहे, की हजेरी इथून तिथे जाणार कशी?"

"टेन्शन नका घेऊ सर," अल्तमश म्हणाला. "नेटवर्कची केबल शंभर मीटरच्या पुढं दम तोडते. मधी सिग्नल वाढवणारा अजून एक डबा बसवावा लागेल."

"आणि बिनतारी?"

"मधी एवढे पत्र्याचे शेड हेत सर, सिग्नल डोकं आपटून परत येईल. गेटच्या फोनवरून पाठवू शकतो, पण मग गेटवर कुणी 'हॅलो' म्हटलं की हजेरी थांबली. नायतर पेन ड्राइव्ह. रोज मशीनमधून भरायचा, ऑफिसात न्यायचा."

"म्हणजे हजेरी चालत नेणार? हे एकविसावं शतक आहे!"

शेवटी लांबवर दम धरणारी, दोन तारांची एक लांब वायर भिंतीच्या कडेने ऑफिसपर्यंत गेली. मशीनखाली, गुडघ्याएवढ्या उंचीवर एक चपटी पेटी बसली. मशीनची वायर आणि लांब वायर तिच्यात जोडलेली.

मग आली खंडेनवमी. त्या दिवशी कारखान्यात सगळ्या यंत्रांची पूजा असते, घरच्यांनाही बोलावतात. लेथला हार, प्रेसला हार, ड्रिलला हार. मग नव्या दाराला कसं वगळणार? पप्पांनी मशीनला झेंडू घातला, खालच्या पेटीला कुंकू लावलं. सरांनी उंबऱ्यावर नारळ फोडला. "पॉइंट असा आहे, की मशीनवर पाणी नको," म्हणत त्यांनी ते नारळाचं पाणी जपून, अगदी विचार करून, खालच्या पेटीवर शिंपडलं. वर नैवेद्याचा पेढा ठेवला. आम्ही टाळ्या वाजवल्या. मीपण.

आठवड्याने गंमत सुरू झाली. बाई "थँक्यू" म्हणायची, दार उघडायचं, माणूस आठ तास राबायचा आणि ऑफिसच्या यादीत त्याचा खाडा! पहिल्या दिवशी दोघांचा. मग पाच जणांचा. मग अकरा जणांचा, त्यात पप्पा. घामाने निथळलेले पप्पा घरी येऊन म्हणतात, "मी आज कामावर नव्हतो." मम्मीच्या हातातलं लाटणं थांबलं. "मग होता कुठे?"

तेवढ्यात कुणीतरी काकांना पक्कड घेऊन त्या पेटीपाशी उकिडवं बसलेलं पाहिलं. झालं! त्यांचं घड्याळ गेलं, म्हणून त्यांनी सूड घेतला. मला एवढं पुरलं. गेटवर डबे घेऊन येणाऱ्यांच्या रांगेत मी काका केले: पीळ दिलेली मिशी, चांदवडचा 'लय', पकडीचा कडकड आवाज आणि शेवटी ते वाक्य. लोक हसून हसून खोकले. दुसऱ्या दिवशी रांगेने पुन्हा मागितलं, मी पुन्हा केलं.

तिसऱ्या दिवशी काका स्टुलावर नव्हते. उभे होते. पप्पांनी डबा घेतला पण उघडला नाही.

"सरांनी बोलावलं होतं त्यांना," पप्पा म्हणाले. "म्हणाले, तुम्ही स्वतः कबूल केलंय म्हणतात. सगळे तेच सांगतायत, 'कापली बरं का.' उद्यापासून येऊ नका म्हणाले."

सव्वीस वर्षं नोकरी केलेल्या माणसाला माझ्या तोंडच्या वाक्यावर काढत होते! मी काकांकडे गेले. म्हटलं, "काका, ते मी... मी नुसती नक्कल केली होती."

"माहीत हाय. ऐकली मी भिंतीआडून. चांगली करती. पन पक्कड अशी वाजत नाय." ते हसले नाहीत. "आता तू सांग. तुला काय वाटतं, कापली मी?"

खरं सांगायचं तर मला वाटत होतं. मी त्यांच्या मिशीकडे पाहिलं.

"लाव मंग पैज. वायर कापलेली निघाली तर ही मिशी उतरवतो. नाय निघाली तर ह्याच गेटावर, दोन्ही पाळ्यांसमोर, माझ्याच आवाजात तू खरं काय झालं ते सांगायचं."

मी हो म्हटलं. वर मिशीशिवाय काका कसे दिसतील, याचा विचारही केला. अशी मी.

साडेतीनला पहिली पाळी सुटत होती, दुसरी येत होती. सरांनी अल्तमशला बोलावून घेतलं होतं. तो वायर तपासायला लागला तोच काका म्हणाले, "आधी एक सांग बाबा. माझं घड्याळ बंद पडलं तरी छापलेलं कार्ड मान्साच्या खिशात ऱ्हायचं. हिच्या पोटात काय ऱ्हातं का नाय?"

अल्तमश थबकला. "ऱ्हातं ना काका. हजारो अंगठे ऱ्हातात पोटात. वायर बंद असली तर फक्त ऑफिसला कळत नाय." त्याने मशीनला पेन ड्राइव्ह लावला. बाईने बराच विचार केला. काकांनी तो पेन ड्राइव्ह शर्टाच्या खिशात घातला, खिशावर हात ठेवला आणि ऑफिसपर्यंत चालत गेले. एकविसावं शतक त्यांच्या मागे मागे. कॉम्प्युटरवर अकराच्या अकरा नावं आली, मिनिटासकट. धोंडीराम, सहा सत्तावन्न.

"मग वायर?" सर म्हणाले.

गेटपाशी परत येऊन अल्तमशने पेटीचा स्क्रू फिरवला. झाकण निघालं आणि तो मागे उडाला. "या अल्ला!"

आत वायर दिसतच नव्हती. लाल मुंग्या! पेढ्याचा चुरा, कुंकवाचा चिखल आणि त्यात एकमेकींवर चढलेल्या शेकडो मुंग्या. तारा अखंड होत्या, पण जोडावर हिरवा गंज चढला होता. पेटीवर नारळाच्या पाण्याचा ओघळ वाळून पांढरा पडला होता.

सगळ्यांनी हळूच सरांच्या हाताकडे पाहिलं. सरांनीही आपल्या हाताकडे पाहिलं, जणू तो दुसऱ्याचाच आहे.

"दोनदा सांगितलं मी तुमच्या ऑफिसात, पेटीत मुंग्या जात्यात," काका म्हणाले. "पक्कड घेऊन झाकन उघडाया बसलो, तर आठवलं, मशीनला हात लावायचा नाय असा तुमचाच बोर्ड हाय. म्हनून उठलो."

"पॉइंट असा आहे..." सर म्हणाले, आणि पहिल्यांदाच त्यांना पॉइंट सापडला नाही. मग म्हणाले, "सहादू, उद्या या. आणि हा जोड नीट होईपर्यंत हजेरी तुम्हीच आणत जा."

गर्दी हलायला लागली तसा काकांनी स्टुलावर हात आपटला. "थांबा रे! आपल्या दीपीला काय तरी सांगायचंय."

दोन पाळ्या थांबल्या. पप्पा चप्पल घासायला लागले. मी स्टुलावर चढले, नसलेल्या मिशीला हात लावला, आणि जन्मात पहिल्यांदा माझ्या घशातून दुसऱ्याचा आवाज निघेना.

"मी... वायर कापली नाय," मी पुटपुटले.

"वरच्या पट्टीत घे," खालून काका म्हणाले. "एवढं हळू मी कधी बोलतो?"