तपकिरी कव्हरची दुसरी वही

सहयोगी प्राध्यापक होण्यासाठी जी फाईल द्यावी लागते, ती माझी एकदा परत आली होती. कारण काय, तर कागद कमी. त्या दिवशी मी ऑफिसमधल्या क्लार्कवर इतकी तडकले की तो बिचारा पुढे दोन आठवडे मला बघून जिना बदलायचा. माझं असंच आहे, आधी भडकायचं आणि मग चहा पाजून सारवासारव करायची. घरी येऊन नवऱ्याला सांगितलं, आणखी एकदाच देते. या वेळी परत आली तर सहायक म्हणूनच रिटायर होईन, पुन्हा त्या टेबलापुढे उभी राहणार नाही. तो म्हणाला, म्हणजे टेन्शन मलाच.

खरा राग वेगळाच होता. सेमिनारला जाऊन नुसतं जेवून आलं तरी सर्टिफिकेट मिळतं, पण आपण वर्गात काय शिकवतो याचा कागद म्हणजे फक्त अध्यापन दैनंदिनी. तारीख, वर्ग, विषय आणि शेरा असे रकाने असलेली छापील वही. ती रोज भरायची असते. आम्ही सगळे ती वर्षाच्या शेवटी एका बैठकीत, गप्पा मारत भरतो, आणि शेऱ्यात वरपासून खालपर्यंत 'नियोजनानुसार पूर्ण' लिहून मोकळे होतो.

माझ्याकडे आणखी एक वही होती. ती मात्र कुणाला दाखवण्यासाठी नव्हती.

ती वही सुरू झाली करावे या कोळीवाड्याच्या गावातल्या एका विद्यार्थिनीमुळे. लग्न झालेली, पदरात लहान मुलगी. सकाळी सासूबरोबर मासळी विकायची आणि मग प्रथम वर्षाच्या वर्गात पहिल्या बाकावर येऊन बसायची. एकदा मी अर्थशास्त्राच्या तासाला मागणीचा नियम शिकवला. किंमत उतरली की मागणी वाढते; उदाहरण चहा-कॉफीचं, पुस्तकातलंच. सगळ्यांनी माना डोलावल्या, मी खूश. तास संपल्यावर ती टेबलाशी आली.

"मॅडम, तुमी बोलता ते ऐकत रावंसं वाटतं," ती म्हणाली. "पन मना कायच कललं नाय."

माझं डोकं सटकलंच. इतकी वर्षं तेच उदाहरण देत होते, कुणाची तक्रार नव्हती. जरा खोचकपणेच विचारलं, नक्की काय नाही कळलं? तर तिने विचारलं, श्रावणात आम्ही भाव कितीही पाडला तरी गिऱ्हाईक फिरकत नाही, मग तुमचा नियम गेला कुठे?

किंमत बदलली म्हणून मागणी हलणं वेगळं, आणि लोकांनी खाणंच सोडलं म्हणून हलणं वेगळं, हे मी पुढच्या आठवड्यात शिकवणार होते. तेही चहा-कॉफीवरच! या बाईने ते माझ्याआधी मांडून ठेवलं होतं. स्टाफरूममध्ये येऊन एका कोऱ्या वहीत लिहिलं, 'आज तास फसला. नियम सांगितला, बाजार सांगितला नाही.' दुसऱ्या दिवशी श्रावणावरून शिकवलं आणि खाली लिहिलं, 'आज जमला. उदाहरण माझं नाही, पहिल्या बाकावरचं.' तेव्हापासून फसलेला प्रत्येक तास लिहायची सवय लागली. काही आठवड्यांत तर चार-चार फसलेले.

आता माझा दुसरा दोष. मी प्रत्येक वहीला तपकिरी कव्हर घालते, शाळेपासूनची खोड आहे. फाईल दुसऱ्यांदा दिली. मुलाखतीच्या दिवशी प्राचार्यांच्या केबिनमध्ये समिती बसली होती. बाहेरून आलेले विषयतज्ज्ञ, एक वयस्कर सर, माझी फाईल चाळत होते. त्यांनी दैनंदिनी उघडली आणि मला समोरूनच माझं गिचमिड अक्षर दिसलं. मी भलतीच वही जोडली होती. खरी दैनंदिनी घरी, कपाटात. म्हणजे पुन्हा कागद कमी.

सर वाचत राहिले. पान उलटायचे, थांबायचे, पुन्हा मागे जायचे. मग त्यांनी विचारलं, हे श्रावणाचं काय आहे? मी सांगायला लागले. आधी चाचरत, मग उठून केबिनच्या भिंतीवरच्या पांढऱ्या फळ्यावर रेघा मारत. मागणीची रेषा कुठून कुठे सरकते, गटारीच्या आदल्या दिवशी काय होतं, सगळं. समितीतले सरकारी प्रतिनिधी पक्के शाकाहारी निघाले, पण शंका त्यांनीच जास्त विचारल्या. शेवटी प्राचार्यांनी हळूच म्हटलं, मॅडम, दैनंदिनी फाईलला नाहीये.

"ती उद्या आणून द्या, नियमाला लागेल," सर म्हणाले. "मला जे बघायचं होतं ते या वहीत बघितलं."

शिफारस झाली. पुढे विद्यापीठाचं मान्यतेचं पत्र आलं तेव्हा त्याच क्लार्कने ते धावत स्टाफरूममध्ये आणलं. मी सगळ्यांसमोर रडले, लाज सोडून. त्या अनोळखी सरांचे आणि माझ्या शिव्या खाऊनही धावत आलेल्या त्या माणसाचे उपकार मी विसरणार नाही.

पण पेढे वाटताना आठवली ती पहिल्या बाकावरची. दुसऱ्या वर्षाला ती यायची बंद झाली होती. कधीपासून? वही काढून बघितली. माझे फसलेले तास तारखेसकट होते. ती यायची थांबली तो दिवस कुठेच नव्हता. मी तिला हाक मारून विचारलंही नव्हतं. एवढ्या वर्षांतला माझा सगळ्यात मोठा फसलेला तास, आणि तोच लिहायचा राहिला.

दुसऱ्या दिवशी पेढे आणि वहीतल्या श्रावणाच्या पानाची झेरॉक्स घेऊन करावेला गेले. श्रावणच होता, त्यामुळे बाजारात ती मोकळीच बसली होती. मी तिला सगळं सांगितलं आणि माफीही मागितली. तिने हात पुसून कागद घेतला, 'पहिल्या बाकावरचं' हे वाक्य दोनदा वाचलं. सासू आजारी पडली म्हणून कॉलेज सुटलं, म्हणाली. आता सासू बरी आहे, मुलगीही शाळेत जाते. मी सांगितलं, दुसऱ्या वर्षाचे प्रवेश अजून चालू आहेत, फॉर्म मी पिशवीत घेऊनच आलेय.

तिने फॉर्म घेऊन मांडीवर पसरला.

"मना नाय कललं त परत सांगेन हां," ती म्हणाली. "चालंल ना?"

त्यासाठीच न्यायला आलेय, मी म्हटलं आणि तिला पेन दिलं.