जहाजाला नकार कळवणारे फुवा

भाऊबीजेच्या दिवशी सकाळी, पोहे ताटलीत पडल्यावर आणि चहा यायच्या आधी, शहादा तालुक्यातल्या कळसाडी गावी दोन नागरिकांवर उघड अन्याय झाला. एक चिऊ, वय सहा. दुसरा गोलू, वय साडेतीन. दोघंही राहणार सुरत, दिवाळीपुरते मुक्कामाला आजोबांकडे. त्यांना कबूल केलेलं जहाज त्या सकाळी आजोबांनी त्यांची बाजू ऐकूनही न घेता रद्द करून टाकलं. मी तिथे हजर होते, घास हातातच राहिला. अन्याय करणारी व्यक्ती नात्याने माझे फुवा, म्हणजे माझ्या आत्याचे यजमान; आमच्या खानदेशात आत्याला फुई म्हणतात आणि तिच्या नवऱ्याला फुवा. जिल्ह्यात मुलींना नकार कळवणारे पुष्कळ आहेत आणि त्यांचा आमच्या संघटनेने वेळोवेळी पत्रकं काढून निषेध केलेला आहेच. पण सातपुड्यापासून तापीपर्यंत जहाजाला नकार कळवणारा माणूस एकच, आणि तो नेमका माझ्या नात्यात. मिशीवरचा पोहा झटकत ते आपल्या मुलाला, म्हणजे चिऊ-गोलूच्या बापाला, म्हणाले, "कळाई दे त्यासले. जहाज चांगलं शे, पन आपलं जमनार नही." जणू जहाजाचे आईवडील फोनपाशी बसून होते.

आता हे असं का, ते सांगते. फुवा आयुष्यात प्रत्येक गोष्ट सोयरीक ठरवल्यासारखी ठरवतात. आमच्याकडे मुलगी द्यायची झाली की आधी 'घर पाहायला' जातात. उघडपणे जातात ते चहापोह्यांसाठी. खरं पाहणं त्याआधीच गुपचूप उरकलेलं असतं. त्या गावच्या पानटपरीवर उभं राहायचं, पिठाच्या गिरणीत बसायचं, पलीकडच्या घरात पाणी मागायचं आणि सहज विषय काढायचा. फुवांचं तत्त्वच आहे, "ज्याले दखानं त्याले इचारानं नही, त्याना शेजारीले इचारानं." हे तत्त्व त्यांनी माणसांपुरतं ठेवलं असतं तर माझी काही तक्रार नव्हती. ट्रॅक्टर घेताना ते कंपनीच्या दुकानात गेलेच नाहीत. तसला ट्रॅक्टर असलेल्या शेतकऱ्याच्या बांधापलीकडे ज्याचं शेत आहे, त्याच्याकडे दोन दिवस जाऊन बसले. "मालक खोटं बोलस. पलीकडलाले इंजिन ऐकू येस," हा निष्कर्ष. छताचा पंखा घ्यायला गेले तेव्हा दुकानदाराला तो लावायला सांगून खाली सतरंजीवर झोपले आणि खरोखर घोरले. शहाद्याला नवीन दातांचा डॉक्टर आला, तर त्याच्याकडे दाढ दाखवण्याआधी समोरच्या हॉटेलात बसून, डॉक्टर स्वतः काय चावतो ते पाहिलं. तो शेव चावत होता. फुवांनी त्याच दिवशी तोंड उघडलं.

अशा माणसापुढे माझ्या आतेभावाने, म्हणजे दादाने, जहाजाचा विषय काढला. दादा सुरतला कारखान्यात इंजिनिअर आहे. वहिनीची इच्छा होती की पोरांना एकदा समुद्र दाखवावा, तोही किनाऱ्यावरून नव्हे तर आतून. मुंबईहून सुटणारी दोन-तीन दिवसांची जहाजं असतात, त्यातलं एक ठरवायचं. दादाने चूक एवढीच केली की आशीर्वाद म्हणून वडिलांच्या कानावर घातलं. फुवांनी आशीर्वाद बाजूला ठेवला आणि चौकशी हातात घेतली. दादाने ट्रॅव्हलवाल्याला व्हिडिओ कॉलवर बोलावलं. फोन मी धरला होता. समोरचा पोरगा टाय लावून गोड आवाजात सांगत होता की आतल्या बाजूची केबिन स्वस्त पडेल, फक्त तिला खिडकी नसते. फुवा म्हणाले, "खिडकी नही तं ती खोली नही, कणगी शे. तठे ज्वारी भरा, पोरे काब्र भरतस?" मग तो बाल्कनीच्या केबिनवर आला. फुवांनी कठड्याच्या दोन गजांतलं अंतर विचारलं. तो म्हणाला, आंतरराष्ट्रीय मापाचं असतं सर. फुवांनी गोलूला कडेवर घेऊन त्याचं डोकं कॅमेऱ्यासमोर धरलं आणि विचारलं, "आनि हाई कोना मापनं शे?" पोरगा घाईने पुढच्या मुद्द्यावर गेला. लहान मुलांसाठी खेळघर आहे, मुलं तिथे सोडून आईवडिलांना निवांत नाचगाण्याचा कार्यक्रम पाहता येतो, असं त्याने उत्साहाने सांगितलं तेव्हा फुवांनी माझ्याकडे वळून शांतपणे विचारलं, "कोंडवाडा शे का मंग?" पोरांच्या बाजूने सांगायचं तर त्या कोंडवाड्यात पाण्याची मोठी घसरगुंडी होती, निळी, तीन वळणांची. चिऊने ती फोनवर पाहिली आणि त्या क्षणापासून तिचा निर्णय झाला होता. तिचं मत कोणी नोंदवून घेतलं नाही.

पुढे समुद्र लागण्याचा प्रश्न आला. जहाज हलतं, मुलांना उलट्या होतात, असं फुवांना कुणीतरी सांगितलं. दुसऱ्या कुणी डॉक्टरला विचारलं असतं. फुवांनी जीप केली आणि दोन्ही पोरांना, मला आणि फुईला घेऊन तोरणमाळच्या घाटाने वर नेलं, कारण त्यांच्या मते आपल्या जिल्ह्यात समुद्राला जवळचं असं तेवढंच काय ते आहे. चिऊ आणि गोलू प्रत्येक वळणाला एकमेकांवर पडत होते आणि खिदळत होते. चौथ्या वळणाला फुवांनी जीप थांबवली, रस्त्याच्या कडेला गेले आणि बराच वेळ सातपुड्याकडे तोंड करून वाकून उभे राहिले. परत आले तेव्हा डोळे पाणावलेले, चेहरा पांढरा. फुई म्हणाली, "कशी काय परीक्षा झायी?" ते म्हणाले, "पोरे पास शेतस." पुढचा घाट ते जीपच्या मागून पायी चढले.

आणि मग मुंबई. घर पाहिल्याशिवाय सोयरीक नाही, म्हणून जहाज पाहायला आम्ही दोघं गेलो. मी सोबत, कारण फुवांना तिथे 'शाळेचं मराठी' बोलायची वेळ येईल अशी धास्ती होती. जहाजावर जायची परवानगी नव्हतीच, त्यांना ती हवीही नव्हती. बंदराच्या बाहेर, प्रवासी उतरून टॅक्सी शोधतात तिथे, त्यांनी पिशवीतून भाकरी आणि शेव काढून मुक्काम ठोकला. शिपायाने हटकलं, "काका, कुणाला न्यायला आलात?" फुवा सरळ म्हणाले, "घर पाहावयास आलो आहोत." शिपायाने माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली. आंदोलनात याहून विचित्र गोष्टी मी तोंड वर करून सांगितल्या आहेत. मग लेकुरवाळी कुटुंबं उतरू लागली आणि फुवा एकेकाला गाठू लागले. घसरगुंडी, जेवण, रोषणाई, सगळे भरभरून सांगत होते. कौतुक खरं होतं, हे मीही मान्य करते. फुवा सगळं ऐकून घेत आणि शेवटी एकच विचारत, "आपल्या बाजूच्या खोलीत कोण राहत होते?" लोक थबकायचे. एक बाई कडेवरचं झोपलेलं पोर सावरत म्हणाली, "बाजूला? काय माहीत बुवा. दार बंदच असायचं." दुसऱ्या एकाने तर अभिमानाने सांगितलं की तीन दिवसांत कुणाचं तोंड पाहावं लागलं नाही. फुवांनी उरलेली भाकरी फडक्यात बांधली. परतीच्या गाडीत ते फडक्याची गाठ सोडत-बांधत बसले. नवापूरला फक्त म्हणाले, "त्याले शेजारी नहीत वं. इचारू कोनले?"

म्हणून भाऊबीजेचा तो नकार. मी अन्याय पाहून गप्प बसणारी नाही. पोह्यांच्या ताटल्या उचलायच्या आत मी दोन्ही पीडितांना मागच्या अंगणात नेऊन संघटित केलं. चिऊने कापसाच्या गोणीवर खडूने जहाज काढलं. गोलूला घोषणा पाठ करून दिली: "आमचं जहाज, आम्हाला द्या!" तो "द्या" विसरायचा आणि नुसताच "आमचं जहाज आम्हाला" ओरडायचा, त्यामुळे मागणीऐवजी ती वस्तुस्थितीच वाटायची. मोर्चा गोठ्याला वळसा घालून ओट्यावर धडकला. फुवांनी पेपर खाली ठेवला. "काय वं पुढारीन, आज कोना मोर्चा?" मी निवेदन वाचलं. त्यांनी ते उभं राहून स्वीकारलं, मोर्चेकऱ्यांना एकेक जिलेबी दिली आणि शिष्टमंडळाला चहाला बसवलं. इतक्या सभ्यपणे कोणत्याही कार्यालयाने आजवर माझ्या तोंडाला पानं पुसलेली नाहीत.

दादा मात्र चिडला होता. तो ओट्यावर येऊन म्हणाला, "आप्पा, ते सात मजली जहाज शे. तठे डॉक्टर शे, नर्स शे, बोलावं तवय माणूस हाजीर शे. शेजारी काय करनार शेतस?"

"डॉक्टरले बलावनं पडस," फुवा म्हणाले. "शेजारी न बलावता येस." आणि मग अगदी सहज, पंख्याची किंमत विचारावी तसं विचारलं, "सुरतले तुन्हा समोर कोन ऱ्हास?"

"शे कोनीतरी. ओडिशाकडला."

"त्यासना पोऱ्यानं नाव काय शे?"

दादाने वहिनीकडे पाहिलं. वहिनी जिलेबीच्या ताटाकडे पाहू लागली. चार वर्षं त्या मजल्यावर दोन दारं समोरासमोर होती.

फुवा म्हणाले, "मंग सुरतमाबी तू जहाजमाच ऱ्हाई ऱ्हायना, भाऊ."

त्यांचा आवाज चढला नव्हता, उलट खाली गेला होता. दादा तडक शेताकडे निघून गेला. मी फुईच्या मागे स्वयंपाकघरात शिरले, कारण एवढ्याशा गोष्टीवरून कुणी पोरांचं जहाज बुडवतं का, याचं मला उत्तर हवं होतं. फुईने परातीत पीठ घेतलं आणि मळता मळता सांगितलं. दादा गोलूएवढा असताना भर दुपारी मळ्यातल्या हौदात पडला होता. फुवा पाच पावलांवर उसाला पाणी देत होते. मोटार चालू होती, त्या आवाजात त्यांना काही कळलं नाही. बांधापलीकडच्या झोपडीत एक पावरा आदिवासी कुटुंब राखणीला असायचं. त्या घरातली बाई भाकरी थापत होती. सकाळपासून तिला पोराची बडबड ऐकू येत होती, ती थांबली, एवढंच तिला जाणवलं. ती पिठाच्या हातांनी धावत आली आणि हौदात उतरली. "पोऱ्या वरडना नही वं," फुई म्हणाली, "वरडना आस्ता तं आम्हीबी ऐकं आस्तं. तो चूप झाया, हाई तिले समजनं. तुन्हा फुवासना जीव आजूनबी तठेच आडकेल शे." ती पीठ मळत राहिली. ते कधीच मळून झालं होतं.

माझ्या लढ्यात मी कधी माघार घेत नाही, पण मागणी दुरुस्त करता येते: जहाज द्या, पण शेजाऱ्यासकट. त्या संध्याकाळी दादा शेतातून परत आला आणि फुवांना म्हणाला, तुम्ही सुरतला चला. दिवाळी संपल्यावर फुवा गेले, शेंगांचं अर्धं पोतं घेऊन. पुढचं वहिनीने मला फोनवर सांगितलं. समोरचं दार फुवांनी वाजवलं. ओडिशाच्या त्या बाईंनी दाराच्या फटीतून पोतं पाहिलं आणि हिंदीत भाव विचारला. फुवा म्हणाले, भाव नाही, शेजारी आहोत. अहिराणी, गुजराती आणि हातवारे यांच्या मिश्रणात त्यांनी काय समजावलं ते देव जाणे, पण थोड्या वेळाने ते दोन दारांच्या मधल्या जागेत खुर्ची टाकून शेंगा सोलत बसले होते आणि दोन्ही घरांची पोरं त्यांच्या पायांतून धावत होती. समोरच्या पोराचं नाव बापी. वय चार, आवाज इतका दणकट की आख्ख्या इमारतीला तो आधीपासून माहीत असायला हवा होता. निघताना फुवांनी दोन्ही सुनांची, एक आपली आणि एक नव्याने झालेली, एक परीक्षा घेतली: डोळे मिटा आणि आत्ता कोणतं पोर ओरडलं ते सांगा. दोघींनी बरोबर सांगितलं.

आता उन्हाळ्याच्या सुट्टीतलं जहाज ठरलंय. दोन्ही कुटुंबं जाणार आहेत. फुवांनी सात मजल्यांचं नाही निवडलं; लहानसं निवडलं, जिथे दोन केबिनची दारं समोरासमोर मिळाली. त्यावर तीन वळणांची घसरगुंडी नाही, तेव्हा चिऊचा तो मुद्दा अजून प्रलंबित आहे आणि मी तो सोडलेला नाही. फुवा स्वतः जाणार नाहीत. म्हशी कोण पाहील, म्हणतात. चौथ्या वळणाचं कुणी नाव काढत नाही. हल्ली संध्याकाळी ते सुरतला फोन लावतात आणि कुणाशी फारसं बोलत नाहीत. फोन तसाच चालू करून टेबलावर ठेव, एवढं सांगतात. इकडे ओट्यावर कानाशी फोन धरून बसतात. तिकडे काहीतरी पडतं, कुणीतरी कुणाला मारतं, कुणीतरी रडतं. मधेच ते पुटपुटतात, "हाऊ गोलू. हाऊ बापी." मी शेजारी बसलेली असते, पण माझ्याशी बोलायला त्यांना सवड नसते. आवाज थांबला की ताठ होतात, पुन्हा सुरू झाला की पाठ टेकतात. फुई जेवायला हाका मारत राहते.

तेव्हा वाचणाऱ्या माणसा, तुला माझं निवेदन एवढंच आहे आणि ते अर्ज-विनंतीच्या भाषेत नाही. तुझ्या दारासमोर एक दार आहे. त्यामागे एखादं पोर असेल. त्याचं नाव काय? ते हसताना कसा आवाज करतं, रडताना कसा? माहीत नसेल तर हे पान इथेच उलटं ठेव, चप्पल घाल आणि जाऊन विचारून ये.