शेवटची होडी येईपर्यंत

चाचा गेल्याचं मला दातिवऱ्याच्या मंजुळा कोळणीने सांगितलं, सफाळ्याला माझ्या दारात सुक्या बोंबलांची पाटी उतरवता उतरवता. "बाई, चाचा गेलं हो. पायरीवर बसल्या बसल्या गेलं. आमची होडी तवा यायची व्हती." मी विचारलं, "जेवले होते का?" ती पाटीतले बोंबील उगाच सारखे करत राहिली… त्याला काही आठवडे झाले, पण बोंबलांवरून फिरणारे तिचे ते हात माझ्या मनातून जात नाहीत.

सफाळ्याला बदली होण्याआधी मी दातिवऱ्याच्या दवाखान्यात नर्स होते. एकटी बाई, परकं गाव. संध्याकाळी बोलायला कुणी नसे म्हणून खाडीच्या तोंडावरच्या दर्ग्यापर्यंत चालत जायची. तिथले मुजावर म्हणजे आमचे चाचा. बायको वारलेली, मुलगा तारापूरच्या वीजकेंद्राच्या बांधकामावर, बोईसरला राहणारा. पोटदुखीचं औषध माझ्याकडून न्यायचे आणि वेळेवर जेवायचा सल्ला दवाखान्याच्या पायरीवर ठेवून जायचे.

याला कारण बाबा. दर्ग्यातल्या सूफी बाबांना जाऊन काही शतकं लोटली, त्यांचं खरं नाव चाचांनाही ठाऊक नव्हतं. गुजरातेकडून गलबतातून आलेला हा फकीर इथेच राहिला आणि गावातली शेवटची होडी परत आल्याशिवाय कधी जेवला नाही, एवढंच त्यांचं चरित्र. उरुसाला आलेले लोक बाबांचे चमत्कार रंगवून सांगत, चाचा नुसते ऐकून घेत. त्यांची आवडती गोष्ट एकच. बाबांचा एक शिष्य सुलतानाचं बोलावणं घेऊन आला, सोबत पालखी. बाबा म्हणाले, बस, एक होडी यायची आहे. होडी आली, सगळे जेवायला बसले आणि पालखीचं कुणाच्या लक्षातच राहिलं नाही… "शिष्यबी मंग हितंच ऱ्हायला," असं सांगून चाचा हसायचे. आपण त्याच शिष्याच्या वंशातले, असं ते मानत.

म्हणून कोळी परत येताना दर्ग्यासमोर क्षणभर शीड उतरवत. आम्ही आलो, आता जेवा, एवढाच त्याचा अर्थ. गावातली सगळी शिडं उतरली की चाचा आत जाऊन ताटावरचं झाकण काढत.

मग होड्यांना मशिनी आल्या. शीडच नाही तर उतरवणार काय? होड्या धडधडत सरळ धक्क्याकडे जाऊ लागल्या. कोण आलं, कोण राहिलं, चाचांना कळेना. भात गार आणि हे पायरीवर! शेवटी मी तोंड सोडलं. "चाचा, अशानं पोटाची वाट लागेल."

"बाई, बाबा जेवलं नाय. मी कसा जेवू?"

मग मंजुळाच्या नवऱ्याला, काशिनाथ तांडेलाला, मी भर धक्क्यावर झापलं. "शीड नाही तर दर्ग्यासमोर मशीन तरी बंद करा जरा वेळ. म्हातारा उपाशी मरेल!" तो हसला, पण दुसऱ्या दिवसापासून मशीन बंद करू लागला. त्याचं बघून बाकीच्यांनीही सुरू केलं. चाचा मान तिरकी करून ती शांतता ऐकत.

आणि शेवटी उपाशीच गेले. मी रडले, आणि खरं सांगायचं तर बाबांवर रागावलेसुद्धा. इतकी वर्षं दारात बसलेल्या माणसाला त्या दिवशी एक घास मिळू नये?

परवा डबा घेऊन दातिवऱ्याला गेले. दर्ग्यात कुणीतरी दिवा लावला होता. चाचांचं जर्मनचं ताट कोनाड्यात पालथं होतं. त्यांच्या पायरीवर मी डबा मांडीवर घेऊन बसून राहिले. दिवस मावळताना एकेक होडी आली, समोर थांबली, पुढे गेली. मग एक धडधड जवळ आली आणि गप्प झाली. नुसतं पाणी वाजत होतं. काशिनाथ होता. मी पाण्याशी जाऊन ओरडले, "कुणासाठी थांबवतोस रे? चाचा नाहीत आता!"

"चाचा नाय त काय झालं, बाबा हाय ना उपाशी," तो होडीतून म्हणाला. मग माझ्या हातातल्या बंद डब्याकडे बघत राहिला.

"मागं कोनी नाय, बाई. जेवा तुमी."

मी पायरीवर परत आले आणि डबा उघडला.