लेकरांच्या हातच्या कुरडया

कुरडयांसाठी गहू भिजत घातले आणि दुसऱ्याच दिवशी मोरीत पाय घसरला. उजवं मनगट मोडलं. प्लास्टर घालून घरी आले तेव्हा हाताचं सोडा, माझ्या डोळ्यांपुढे पातेल्यातले गहूच होते. तीन दिवस ते भिजवायचे, रोज पाणी बदलायचं, मग वाटून-गाळून चीक काढायचा आणि शिजवायचा. एकदा भिजले की ते कुणासाठी थांबत नाहीत, आंबून वाया जातात.

"घाल शेजारच्या म्हशीला," नवरा म्हणाला. "एक वर्ष कुरडया न्हाई खाल्ल्या तर काय मरतो का आपण?"

आपलं कोण बोलून राहिलंय? पुसेगावला माझी आई एकटी असते. तिची बोटं आखडली तेव्हापासून तिच्या कुरडया मी हिंगोलीहून एसटीने पाठवते. यंदा गेल्या नाहीत तर ती विचारणार, काहून? आणि माझा हात मोडल्याचं कळलं की सुजलेले गुडघे घेऊन भर उन्हात बसमध्ये चढणार. तिला कळू द्यायचंच नव्हतं मला. म्हणून कुरडया व्हायलाच हव्या होत्या.

आता उरली घरातली दोन रत्नं. पोरगी आठवीतली, पोरगं सहावीतलं. कामाच्या नावानं दोघांचाही शंख. ताट उचल म्हटलं की पोराच्या पोटात दुखतं. झाडून घे म्हटलं की पोरीला नेमका अभ्यास आठवतो, आणि आता तर उन्हाळ्याची सुट्टी होती, अभ्यासही नव्हता. मी खाटेवरूनच हुकूम सोडायला लागले. गहू मिक्सरमधून काढा. फडक्यातून गाळा. अरे पीळ नीट, हातात जोर न्हाई का मेल्या! अर्धा चीक फरशीवर सांडला तेव्हा तर मी असा आवाज चढवला, की शेजारीण दारात येऊन डोकावून गेली.

"मम्मी, काहून ओरडून राहिलीस? झोप ना जरा," पोरगी म्हणाली.

"झोपते कशाची, कपाळ माझं!" म्हटलं खरं, पण दुखण्याच्या गोळीने डोळे मिटलेच.

जाग आली की नाही, सांगता येत नाही. फटफटलं होतं. हिंगाचा वास येत होता, स्वयंपाकघराच्या दारातून वाफ बाहेर येत होती, आणि त्या वाफेत कुणीतरी बोलत होतं. "घोट, घोट. थांबू नको. थांबलं की गुठळ्या झाल्याच." मला वाटलं, मी पुसेगावात आहे, लहान आहे, आणि आई चूल फुंकत मला दटावते आहे. किती बरं वाटलं म्हणून सांगू! तशीच पडून राहिले. पुन्हा आवाज आला आणि कळलं, ही तर माझी पोरगी. भावाला सांगत होती.

उठून दाराशी गेले. नवऱ्याने पातेलं फडक्याने धरलं होतं, पोरगी चीक ओतत होती, पोरगं दोन्ही हातांनी घोटत होतं. घामाने निथळत होतं लेकरू. मला राहवेना. डावा हात पुढे केला, तशी पोरगी आडवी आली.

"तू हात लावू नको. झाला का न्हाई ते कसं कळतं, तेवढं सांग."

"पाण्यात बोट बुडवून चिकाला लाव. चिकटला न्हाई म्हणजे झाला."

तिने लावलं. चिकटला नाही. मग वाटीत गरम चीक, त्यावर साखर आणि तेलाची धार घेऊन ती माझ्यापुढे बसली. दरवर्षी हा पहिला घास मी त्यांना भरवते. "आ कर," ती म्हणाली, आणि मी मुकाट्याने तोंड उघडलं. घासात चांगली सुपारीएवढी गुठळी निघाली. मी ती चावून गिळली. डोळ्यांतून पाणी आलं ते तिला दिसू नये म्हणून म्हटलं, "लई गरम आहे गं."

गच्चीवर जुन्या साडीवर त्यांनी कुरडया घातल्या. सोऱ्या दाबायला दोघं लटकत होती. एक कुरडई बशीएवढी, एक रुपयाएवढी, काहींना तर आकारच नव्हता. मी पाण्याच्या टाकीच्या सावलीत बसून राहिले. ऊन चढत गेलं, पोरगं कावळे हाकलत होतं, कुरडया हळूहळू पांढऱ्या पडत होत्या. ओरडायचं मला सुचलंच नाही.

वाळल्यावर त्यातल्या बऱ्यापैकी गोल निवडून डबा भरला आणि बसने पाठवला. संध्याकाळी आईचा फोन आला.

"पोचल्या गं माय. तळून बी पाहिल्या. लई छान फुलल्या."

माझा जीव भांड्यात पडला. "मीठ बराबर आहे ना?"

"जरा जास्त झालंय. पण लेकरांनी पहिल्यांदा केल्यात, त्यांना काही बोलू नको." मग आई म्हणाली, "आता सांग, तुझ्या हाताला काय झालं?"