आरशात दिसत राहा

आईनं मला पाचवडच्या फाट्यावर ट्रकमध्ये चढवलं तेव्हा एकच गोष्ट सांगितली. "मागं वळून बघू नको. निघाल्या माणसानं मागं बघितलं की पाय अडकतो." आमच्याकडं तशी रीतच आहे. तुमच्यातले जे गाव सोडून गेले त्यांना त्यांच्या आयांनी हेच सांगितलं असणार, आणि जे गावात राहिले त्यांनी हेच सांगून कुणाला तरी वाटेला लावलं असणार. मी बघितलं नाही. ट्रक हळदीचा होता, कराडकडनं आलेला. पोत्यांवर बसून मुंबईला आलो आणि उतरलो तेव्हा नखशिखांत पिवळा होतो. बाजारातल्या हमालांच्या टोळीतली माणसं हसली. म्हणाली, नवरदेव आला, आता पोरगी बघा.

पोरगी आईनं नंतर बघितली. हौसा तिचं नाव. तिला जाऊन आता दोन दिवाळ्या झाल्या. मी अजून सकाळी दोन कप चहा टाकतो आणि एक गार होऊ देतो. त्याबद्दल मला कुणी काही सांगू नये.

मी चौथी शिकलेला माणूस आहे. मुंबईतला बाजार वाशीला हलला तसा मीही हललो. कांदा-बटाट्याची पोती पाठीवर वाहून कोपरखैरण्याला माथाडी वसाहतीत घर झालं आणि त्याच घरात शुभांगी वाढली. एकुलती पोरगी. हौसानं एकच नेम धरला होता, पोरीच्या पाठीवर ओझं यायचं नाही. नाही आलं. शुभी इंजिनेर झाली आणि ऐरोलीला काचेच्या बिल्डिंगमध्ये कामाला लागली. ठाणे-बेलापूर रोडनं जाताना हौसा बसमध्ये शेजारी बसलेल्या परक्या बाईलाही ती बिल्डिंग दाखवायची. "त्यात आमची बसती." शुभीच्या गळ्यातली कंपनीच्या ओळखपत्राची पट्टी ती देवाच्या खणाबरोबर वेगळी धुवायची, बाकीच्या कपड्यांत टाकायची नाही.

आता शुभी तिथं काय करायची ते सांगतो, मला कळलं तेवढं. परदेशातल्या कुठल्याशा बंदरात कंटेनर उतरतात, त्यातला कुठला कुठं ठेवायचा, कुठला ट्रक कधी आत घ्यायचा, हे कॉम्प्युटरनं ठरवायचं. ते ठरवणारा प्रोग्राम शुभी आणि तिची माणसं बनवायची. स्क्रीनवर नुसते निळे चौकोन. पहिली दोन-तीन वर्षं ती खुशीत होती. मग गप्प राहायला लागली. घरी यायची, जेवायची, परत लॅपटॉप. मी विचारलं, "कुणी काय बोललं का?" तर म्हणाली, "कुणी काही बोलत नाही आबा, तोच तर प्रॉब्लेम आहे. मी रोज हजारो कंटेनर हलवते आणि आजवर एकाला हात लावलेला नाही."

मला ते बोलणं नाटकी वाटलं. हात लावायला काय, आम्ही जन्मभर लावलाच की. त्यात काय सुख असतं ते माझ्या कण्याला विचारा.

एका रविवारी ती आम्हा दोघांना उरणला फिरायला घेऊन गेली. येताना न्हावा शेवा बंदराच्या रस्त्याला ट्रेलर रांगेनं उभे होते. तिनं गाडी बाजूला घेतली, उतरली आणि एका कंटेनरवर पंजा ठेवून उभी राहिली. ऊन रणरणत होतं, पत्रा तापलेला. मी म्हणालो, "येडी झाली काय ही?" हौसा गाडीतनं तिच्याकडंच बघत होती. घरी आल्यावर म्हणाली, "तिचा हात बघितला का तुम्ही? चटका बसला तरी काढला नाही पोरीनं."

मग हौसाचं दुखणं आलं. दवाखान्यात शुभी तिच्या उशाशी असायची, कानात ते यंत्र, मांडीवर लॅपटॉप, मधेच "येस, येस" करायची. हौसा मला म्हणाली, "पोरगी माझ्याजवळ बसती, पण तिचा जीव कुठल्या मुलखात असतो कुणास ठाऊक. ती उद्या काय वेगळं करायचं म्हणाली तर आडवं पडू नका. तुम्ही मुंबईला आलात तवा कुणाला विचारून आलावता?"

कुणालाच नाही. आईलासुद्धा आदल्या दिवशी सांगितलं होतं.

हौसाचं वर्षश्राद्ध झालं आणि आठवड्याभरात शुभीनं सांगितलं, "आबा, नोकरी सोडली."

"दुसरी लागली?"

"लागंल. आधी ट्रेलर शिकायचाय."

मी बशीतला चहा संपवला. मग म्हणालो, "ट्रकातला माल उतरवून उतरवून माझी पाठ गेली. आता तू ट्रकच घरात आणतीस होय?"

"घरात नाही मावायचा तो," शुभी म्हणाली.

अगदी हौसाचा सूर. मी उठून गॅलरीत गेलो. आडवा पडलो नाही, पण सरळही झालो नाही. बापानं भ्यायलाच पाहिजे, ते त्याचं काम आहे. रस्त्यावरच्या ड्रायव्हर लोकांचं जिणं मी उभ्या जन्मात जवळनं बघितलं होतं. त्यात एकटी पोरगी. आणि हौसानं धुऊन ठेवलेली ती पट्टी अजून कपाटात होती.

वसाहतीत बातमी फिरायला वेळ लागत नाही. शेजारचा बबन, माझ्याच टोळीतला, पाण्याच्या टाकीजवळ चारचौघांत म्हणाला, "आबा, लोकं डायवरच्या पोराला इंजिनेर करतात. तुम्ही इंजिनेरचा डायवर केला. उलटा गिअर टाकलाय की." सगळे हसले. मला उत्तर सुचलं नाही. सुचायला सहा महिने लागले, ते पुढं येतंच.

पनवेलच्या पुढं एक ट्रक शिकवायची शाळा आहे, तिथं ती जायला लागली. लायसन झालं. पण काम कोण देणार? ट्रान्सपोर्टवाले फोनवर चांगलं बोलायचे, समोर आली की चहा पाजून परत पाठवायचे. शेवटी उरणचे इसाकशेठ भेटले. पिढ्यान् पिढ्या तिथलेच. वडलांचा गलबतांचा धंदा होता, यांचे ट्रेलर. मी बरोबर गेलो होतो. शेठ शुभीकडं बघून म्हणाले, "बाय, मी बाईमाणूस बघत नाय, गाडी बघतो. एक फेरी देतो. इथनं रिकामा कंटेनर घेऊन साताऱ्याला जायचं, माल भरून परत यायचं. गाडीला ओरखडा नाय आला तर चावी तुजी. आला तर माज्या हापिसात कॉम्प्युटर हाय, त्याच्यावर बस. पगार देतो."

शुभीचा चेहरा मी बघितला. ओरखड्याला ती भ्यायली नाही, कॉम्प्युटरला भ्यायली.

"घाटात उतारावर न्यूट्रल केलेलं मला चालत नाय," शेठ म्हणाले. "डिझेल वाचवायला सगले करतात, आनि बिरेक तापला की देवाला हाका मारतात. सोबत कोन?"

"आबा येतील."

शेठनी मला खालपासून वर बघितलं. "काका, या. पन मदे बोलायचं नाय."

पहाटे निघालो. निघायच्या आधी शुभी हातात लोखंडी दांडा घेऊन ट्रेलरभोवती फिरली, एकेका टायरवर ठोका देत, कान लावून. हौसा बाजारात नारळ असाच वाजवून घ्यायची. एका टायरजवळ थांबली, परत ठोकलं, तोंड वाकडं केलं आणि हवा भरून घेतली. मग वर चढली. मी चढलो तेव्हा गुडघा वाजला, तोही तिनं ऐकला असणार.

बोरघाट चढून आम्ही देशावर आलो, पुढं खंबाटकीचाही घाट ओलांडला. उजव्या हाताला पाचवडचा फाटा गेला. ती म्हणाली, "येताना थांबू." मी मान हलवली. मधे बोलायचं नव्हतं.

साताऱ्याला कारखान्यात खरी परीक्षा होती. चाळीस फुटी कंटेनर उलटा घेत घेत माल भरायच्या धक्क्याला लावायचा. ट्रेलर उलटा घेताना मागचं धूड डावीकडं न्यायचं तर स्टिअरिंग उजवीकडं फिरवावं लागतं. बाजूला एक खांब, दुसऱ्या बाजूला कुणाची तरी नवी कोरी गाडी. धक्क्यावर हमालांची टोळी बसली होती. बाई गाडीवर बघून सगळे उभे राहिले, तमाशा बघायला.

आणि इथं मी माझ्या सवयीनं घोळ घातला. वाशीच्या बाजारात ट्रक गाळ्याला लावायचा तर आम्ही मागं उभं राहून फळीवर थाप मारायचो. थापा पडत राहिल्या की ये, थांबल्या की थांब. ड्रायव्हरला तेवढं पुरायचं. मी उतरलो, कंटेनरच्या मागं गेलो आणि पत्र्यावर थापा मारायला लागलो. गाडी जागेवर थांबली. शुभी काच खाली करून काय म्हणाली ते ऐकू आलं नाही, म्हणून मी आणखी जोरात थापटलं. मग ती स्वतः उतरून चालत मागं आली.

"आबा, तुमची थाप केबिनपर्यंत येत नाही. आणि तुम्ही मागं उभे राहिलात तर माझ्या दृष्टीनं तुम्ही नाहीच. मला मागचं काही दिसत नाही, आरशात दिसतं तेवढंच." तिनं माझा दंड धरला आणि खांबाजवळ नेऊन उभं केलं. "इथं उभे राहा. काही करू नका. फक्त आरशात दिसत राहा."

मी दिसत राहिलो. हात बांधून. जन्मात एवढं अवघड काम केलं नव्हतं. धूड माझ्या बाजूला सरकायला लागलं, खांबाजवळ आलं, आणखी जवळ आलं, मी डोळे मिटणार होतो पण आरशात तिचे डोळे दिसत होते, म्हणून मिटले नाहीत. गाडी थांबली. पुढं गेली, सरळ झाली, परत आली. मग धक्क्याच्या रबराला टेकल्याचा एक मऊ आवाज. बस.

टोळीतला म्हातारा तंबाखू मळता मळता थांबला होता. म्हणाला, "कुणाची रं पोरगी?"

"माझी," मी म्हणालो.



खोकी भरली गेली. आत हळद होती, दळून पाकिटं केलेली, परदेशी निघालेली. वास मला उतरल्या उतरल्याच आला होता.

परत येताना पाचवडला थांबलो. माझी थोरली बहीण, आक्का, गावातनं फाट्यावर येऊन वाट बघत बसली होती. फडक्यात भाकरी, ठेचा आणि कुंकवाची डबी. ती ट्रेलरभोवती फिरली. मग म्हणाली, "शंकर, एवढ्या चाकांत कुठल्या चाकाला लावू रं?"

"आत्या, कुठल्याही लावा, सगळी बरोबरच फिरतात," शुभी म्हणाली.

आक्कानं पुढच्या चाकाला हळदकुंकू लावलं. डोळे पुसले. "हौसा असती तर…" एवढंच म्हणाली. मी दुसरीकडं तोंड फिरवून भाकरी मोडली.

निघताना आक्कानं शुभीच्या तोंडावरनं हात फिरवला आणि आईचंच वाक्य बोलली. "जा बाई. मागं बघू नको."

शुभी हसली. "आत्या, न बघून कसं चालंल? माझ्या मागनं चाळीस फूट गाडी येतीया."

आक्काला कळायला क्षणभर लागला. मग ती अशी हसली की पदर तोंडाला लावावा लागला.

गाडी हलली. माझ्या बाजूलाही एक मोठा आरसा होता, माणसाच्या धडाएवढा. मी त्यात बघितलं. इतक्या वर्षांत पहिल्यांदा त्या फाट्यावरनं निघताना मागं बघितलं. आक्का डोळ्यांवर हात धरून उभी होती. तिच्या मागं गावाकडं जाणारा रस्ता, वरती डोंगर. सगळं बारीक होत गेलं, पण बराच वेळ दिसत राहिलं. पाय कुठंही अडकला नाही. गाडी पुढंच जात होती.

बोरघाटात भरल्या गाडीनं ती बारक्या गिअरमध्ये उतरत होती, बैलगाडीच्या चालीनं. मागचे हॉर्न मारून बेजार. एक ड्रायव्हर शेजारनं जाताना ओरडला, "ओ मॅडम, ढकलू काय?" माझ्याच तोंडातनं निघालं, "न्यूट्रल कर की जरा, सगळे करतात."

"आबा, शेठनी तुम्हाला काय सांगितलंय?"

"मदे बोलायचं नाय," मी म्हणालो, आणि घाट उतरेपर्यंत दोघं हसत होतो. हौसा गेल्यापासून आमच्या घरात असं हसणं झालं नव्हतं. ते घरात झालं नाही, घाटात झालं.

उरणला इसाकशेठ गाडीभोवती फिरले. बोटानं पत्रा चाचपला. वाकून खाली बघितलं. शुभी हात मागं बांधून उभी. शेठना पुढच्या चाकावरचं कुंकू दिसलं. म्हणाले, "हा डाग कसला?"

"आत्यानं लावलाय."

"मंग तो राहू दे," शेठ म्हणाले आणि चावी तिच्या हातात परत दिली. "परवा कोल्हापूर हाय. टायमावर ये."

बबनला उत्तर मी दुसऱ्या दिवशी टाकीजवळ दिलं. म्हणालो, "उलटा गिअर टाकलाय खरा. पण तू चाळीस फूट उलटं घेऊन दाखव, मग बोल." आता तो त्याच्या भाचीला घेऊन शुभीकडं येतो, शिकायचं म्हणतीय म्हणून.

कपाटातली ती कंपनीची पट्टी शुभीनं टाकली नाही. तिला ट्रेलरची चावी अडकवलीय. हौसानं धुतलेली आहे, मजबूत आहे.

तुम्ही विचाराल, आता घर कुठलं, गावचं का कोपरखैरण्याचं? मला ते सांगता येत नाही. पण एक करतो. शुभी कामाला निघते तेव्हा स्कुटीनं वसाहतीच्या कोपऱ्यावर वळते. स्कुटीलाही आरसे असतात. मी आधीच जाऊन दूध केंद्राच्या पायरीवर उभा राहतो, उजव्या अंगाला, तिला दिसेल असा. माझ्या शेजारी एका माणसाची जागा सोडून. ती वळताना एकदा हॉर्न देते. मी हात करत नाही, काहीच करत नाही. दिसत राहतो.